एक वॉशर उरला

आपल्याकडे पाप म्हणजे काहीतरी कमी असणं. दुधात दूध कमी, वजनात वजन कमी, बोलण्यात खरं कमी. उरलं तर मात्र कुणी नाव ठेवत नाही. पोळ्या उरल्या की घरात बरकत आणि सकाळी फोडणीची पोळी! पण मोटारसायकल जोडून झाल्यावर एक वॉशर उरला, तर तीही बरकतच समजावी काय?

हा प्रश्न आमच्या भाच्याने उभा केला. त्याच्या जुन्या बुलेटचं मागचं चाक वळणावर स्वतंत्र विचार करू लागलं, म्हणून त्याने अंगणातच चिमटा उतरवला. चिमटा म्हणजे स्विंग-आर्म, मागचं चाक दोन्हीकडून धरून वर-खाली होऊ देणारा. पूर्वी बहुतेक गाड्यांचं मागचं चाक फ्रेमलाच जखडलेलं असे आणि धक्के चालवणाऱ्याच्या मणक्याने सोसायचे. १९४९ साली विकायला आलेल्या बुलेटला चिमटा आणि शॉकअॅब्सॉर्बर होते, म्हणून पुढच्या पिढ्यांचे मणके वाचले.

इंजिनाखाली ठोकळे लागले. चाक, चेन, शॉकअॅब्सॉर्बर निघाले. फ्रेममधून आरपार गेलेला लांब बोल्ट गंजून रुसला होता, तो हातोडीच्या मनधरणीने निघाला. झिजलेले बुश बदलले, ग्रीस भरलं. पुस्तकात उतरवण्याची कृती दोन पानं होती. बसवण्याची एकच ओळ, की हेच उलट क्रमाने करावे. भांडणानंतर नवरा-बायकोला वडीलधारे असाच सल्ला देतात.

संध्याकाळी गाडी उभी राहिली आणि गोणपाटावर एक वॉशर उरला. भाचा कॉलनीत दोन फेऱ्या मारून आला.

"मामा, चालतेय की मस्त! जास्तीचा असेल तो."

आता जास्तीचं म्हणजे काय, हे बँकेतल्या माणसाला विचारावं. रोकड कमी आली तर कॅशियरने पदरचे भरायचे, हे जगाला ठाऊक आहे. पण शंभर रुपये जास्त आले तरी त्याला सुखाने घरी जाता येत नाही. आपल्याकडे शंभर उरले, म्हणजे बहुधा कुणाला तरी शंभर कमी गेले. तो बिचारा त्या वेळी बसमध्ये खिसे चाचपत असतो.

वॉशरचंही तेच. हातात उरला म्हणजे गाडीत कमी पडला. बुशाच्या कडेची ती इवलीशी फट कॉलनीत तोंड उघडत नाही. ती बोलते दिवेघाटात, आणि रविवारी तर भाचा आपल्या आईला मागे बसवून जेजुरीला निघाला होता! कुरकुरत त्याने चाक पुन्हा काढलं आणि चिमट्याचं टोक धरून आडवं हलवलं. टक्, टक्. मग न बोलता त्याने लांब बोल्टाला पाना लावला.

'चालतंय' आणि 'बरोबर आहे' ही वाक्यं आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. चालतंय, एवढं गाडी सांगते. बरोबर आहे की नाही, ते उरलेला वॉशर सांगतो. त्याला गुपचूप खिशात टाकणं काही अवघड नाही. कित्येक थोर माणसं जन्मभर असाच खुळखुळणारा खिसा घेऊन हिंडतात, आणि आपल्याला वाटतं, सुटे पैसे असतील!