मुलामा आणि सत्य

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील ग्रामीण प्रासादांसाठी घडवलेल्या, रंगवलेल्या आणि सोन्याचा वर्ख चढवलेल्या हातांच्या खुर्च्या आज कलावस्तू म्हणून जपल्या जातात. त्यांचा सांगाडा बहुधा बीचसारख्या साध्या लाकडाचा असतो. त्यावर खडू आणि सरस यांचे लेप, मग तांबूस मातीचा थर आणि शेवटी वर्ख. दिसते ते सोने. भार पेलते ते लाकूड. मग हा मुलामा असत्य ठरतो काय?

रस्किनने १८४९च्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात या प्रश्नाला सूक्ष्म उत्तर दिले आहे. वास्तूवरील मुलाम्याला कोणी भरीव सोने समजत नाही, म्हणून ती फसवणूक नव्हे. दागिन्याच्या बाबतीत तसा समज होतो, म्हणून तेथे ती फसवणूक ठरते. म्हणजे सत्यासत्य पदार्थात नसून निर्माता आणि प्रेक्षक यांच्यातील संकेतात असते. हा न्याय खुर्चीलाही लागू पडतो.

परंतु संकेताने सारेच उघड होत नाही. यॉर्कशायरमधील हेअरवुड हाउस या प्रासादासाठी थॉमस चिपेंडेलने फर्निचर पुरवले. तो बांधणाऱ्या लॅसेल्स घराण्याची संपत्ती वेस्ट इंडीजमधील साखरेच्या आणि गुलामांच्या व्यापारातून आली होती. वर्खाखाली लाकूड आहे हे पाहुण्यांना ठाऊक असे. त्या लाकडाखाली कोणाचे श्रम आहेत, हे सांगणारा संकेत मात्र त्या दिवाणखान्यात नव्हता.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. अरबी ‘कुर्सी’पासून आलेल्या ‘खुर्ची’ या शब्दाला मराठीत सत्तेचाच अर्थ चिकटला आहे. परभणी जिल्ह्यातील पेडगाव १९४८पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते. त्याच संस्थानाच्या राजधानीत तिसऱ्या सालारजंगाच्या संग्रहातील युरोपीय फर्निचर १९५१पासून जनतेला पाहता येऊ लागले. सरदारांचे वैभव जहागिरींवर उभे होते आणि जहागिरींचे उत्पन्न अखेर शेतसाऱ्यातूनच येई. पेडगावचा प्रेक्षक त्या वस्तूंपुढे केवळ रसिक म्हणून उभा राहू शकत नाही.

म्हणून सौंदर्यच खोटे ठरवावे काय? तसे केल्यास वर्ख चढवणाऱ्या कारागिराचे कौशल्यही नाकारले जाते. म्हणजे एका श्रमाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतो. समीक्षेचे कर्तव्य निषेधापेक्षा अवघड आहे: लाकूड, घडवणारा आणि काळ यांच्या नोंदीशेजारी त्या सोन्याचे मोल कोणी चुकवले, हेही तितक्याच नेमकेपणाने लिहिणे. रस्किनच्याच न्यायाने, ही नोंद गाळणारे वर्णन हा खरा फसवा मुलामा होय.