कबूल काय करतोयस, ते तरी वाच

बसू नकोस. आधी फाईल दे इकडे.

‘दहा हजार भरून टाकू, ट्रॅफिकची तर केस आहे,’ हे काल बार रूममध्ये तू चार वकिलांदेखत मोठ्या आवाजात म्हणालास. तुझ्या अशिलावर मोटार वाहन कायद्याचं कलम 182 लावलंय. परवान्यासाठी अपात्र ठरवलेला असताना गाडी चालवली, असा आरोप. दंड दहा हजार, एवढं तुला पाठ आहे. त्याच कलमात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे, आणि न्यायाधीशांना वाटलं तर दोन्ही. ते सांगितलंस त्या माणसाला? नाही. त्याची समजूत अशी, की खिडकीवर पैसे भरायचे आणि गाडी घेऊन घरी जायचं. छोटा हत्ती चालवून पोट भरणारा माणूस तो. दहा हजार व्याजाने आणलेत, हे त्याने मला जिन्यात सांगितलं. तुला सांगायला तू त्याच्याशी पाच मिनिटं बोलायला तर हवास.

आता मला दाखव, त्याला अपात्र ठरवणारा आदेश कुठाय? चलान आहे, आधारची झेरॉक्स आहे, आरसी बुक आहे, गणपतीच्या वर्गणीची पावतीसुद्धा आहे, ती कशी आली देव जाणे. आदेश नाही. ज्या आदेशाविरुद्ध वागला असं सरकारचं म्हणणं, तो आदेश तू डोळ्यांनी पाहिलेला नाहीस, आणि निघालास गुन्हा कबूल करायला! अरे, लग्नाचा पत्ता नाही आणि हा घटस्फोटाची पोटगी ठरवून मोकळा.

तारखा वाच. मोठ्याने. 3 मार्चला सिग्नलवर फोन कानाला लावलेला असताना पकडला, परवाना जप्त. 19 मार्चला मार्केट यार्डाच्या दारात कांद्याच्या गोण्यांसकट पुन्हा पकडला, हा खटला त्या दिवसाचा. आणि आरटीओचं पत्र? आहे, वर्गणीच्या पावतीमागे चिकटलंय. 11 एप्रिलला सुनावणीसाठी हजर राहावे. म्हणजे ज्या दिवशी याला ‘अपात्र’ म्हणून धरलं, त्या दिवशी याला अपात्र ठरवायचं की नाही याची सुनावणीसुद्धा झालेली नव्हती. हे कळायला कायदा लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं.

फोन हातात धरून गाडी चालवणं 2019च्या दुरुस्तीने कलम 184च्या धोकादायक चालवण्यात आलं. तिथे पोलिसाने 206च्या चौथ्या पोटकलमाखाली परवाना ताब्यात घ्यायचा आणि परवाना प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्या भाषेत आरटीओकडे, पाठवायचा. त्याचं काम तिथे संपलं. पुढचं सगळं कलम 19मध्ये. माणसाला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यायची, कारणं लेखी नोंदवायची, मग आदेश काढायचा. पहिल्या गुन्ह्याला तीन महिने अपात्र, दुसऱ्यांदा केला तर परवानाच रद्द. किंवा त्याला सोडून द्यायचं! तोही पर्याय कलमातच आहे, आणि जो अधिकारी सोडून देऊ शकतो त्याने ठरवायच्या आधीच तू त्याच्या वतीने ठरवून बसलास. कलकत्ता उच्च न्यायालयाने 2022मध्ये हेच सांगितलं, की पोलिसाने परवाना जप्त करून पुढे पाठवायचा, निलंबनाचा अधिकार त्याचा नाही. आपल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण न्यायाधीशांपुढे ठेवायला कोणी हात धरलाय? परवाना जप्त झाला म्हणून माणूस अपात्र झाला, हे पोलिसाने गृहीत धरलं. त्याचं मला काही वाटत नाही, तो दिवसभर उन्हात उभा असतो. तू पंख्याखाली बसून तेच गृहीत धरलंस.

हसू नकोस, सुटला नाहीयेस. उलट खरं बोलणं आता सुरू होतंय.

परवाना जप्त झाल्यावर या माणसाने तुला फोन केला होता. काय सांगितलंस? ‘पावती खिशात ठेव, पावती असली की चालतं.’ हो ना? कलम 206ची दोन पोटकलमं शेजारी शेजारी उभी आहेत. तिसऱ्यात जी पोच मिळते तिच्यावर परवाना परत येईपर्यंत गाडी चालवता येते. चौथ्यातली पोच मात्र गाडी चालवायची मुभा देत नाही, तसं तिथे सरळ लिहिलंय. याच्या पावतीवर 206(4) असं छापलेलं आहे, मला चष्मा न लावता दिसतंय. तू जुन्या काळचं ऐकीव ज्ञान त्याच्या गळ्यात बांधलंस आणि तो बिनधास्त कांदे भरून निघाला. आता कोर्टात म्हणशील, माझ्या अशिलाचा गैरसमज झाला होता? न्याय संहितेत चुकीच्या समजुतीला जागा आहे, पण ती वस्तुस्थितीबद्दलच्या चुकीला. कायद्याबद्दलच्या चुकीला नाही. ‘वकिलाने सांगितलं होतं’ हा बचाव होत नाही, हे पहिल्या वर्षाला तुम्हाला दोन तास शिकवलं होतं मी, आणि तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

म्हणून नीट ऐक, लिहून घे, वही कुठाय? कलम 182 त्या दिवशी लागत नाही, कारण त्या दिवशी अपात्रता नव्हती. ही बाजू भक्कम आहे. पण सरकारी वकील झोपलेले नसतात. ते म्हणतील, पोच चालवायची मुभा देत नव्हती, मग हा परवान्याशिवायच चालवत होता, लावा 181. तिथे दंड पाच हजार आणि कैद तीन महिन्यांपर्यंत. त्यावर तुझं उत्तर काय? परवाना दिलेला होता, रद्द झालेला नव्हता, नुसता ताब्यात घेतलेला होता, मग त्याला परवाना नव्हता असं म्हणता येईल का? हा खरा वाद आहे आणि तो दोन्ही बाजूंनी जाऊ शकतो. असा वाद समोर असताना माणसाकडून कबुली घेणं म्हणजे निव्वळ आळस. आणि एकदा कबूल केलं, की अपिलाचं दार बंद. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदा झाली एवढंच मग म्हणता येतं, दोष लागला त्यावर बोलायचं नाही. म्हणून तर आरोपीची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची असते. तुझा माणूस त्याच्या शब्दांत काय कबूल करणार होता? ‘साहेब, गाडी चालवली.’ अपात्र असताना चालवली, हे शब्द त्याच्या तोंडात कोण घालणार होतं? तू!

आता तुझ्या त्या दोन हुशाऱ्या. समासात पेन्सिलीने लिहिल्यात म्हणून मला दिसणार नाहीत असं वाटलं का?

पहिली, मार्केट यार्ड बाजार समितीची जागा, सार्वजनिक ठिकाण नव्हे. कलम 3मध्ये सार्वजनिक ठिकाण हा शब्द आहे, तो वाचून तुझी कळी खुलली असणार. 182 उघड. ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी.’ झालं? सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गज गाडी सरकवली तरी पळवाट नाही. कलम न वाचता मुद्दा काढला की न्यायाधीश वरून बघतात, आणि ते बघणं तुझ्या नावाला पुढची कितीतरी वर्षं चिकटतं.

दुसरी, आई आजारी होती, दवाखान्यात नेत होता. वर डॉक्टरचा दाखला ‘मॅनेज करू’ असं लिहिलंयस. गाडीत काय होतं? कांद्याच्या गोण्या. पंचनाम्यात आहेत त्या. आई गोण्यांखाली होती का? मोठं नुकसान टाळायला केलेल्या कृत्याला न्याय संहितेच्या कलम 19मध्ये संरक्षण आहे, पण ते खरोखर अडलेल्या माणसासाठी. ज्याच्या घरी मध्यरात्री कोणाला झटका येतो, 108 वेळेवर पोहोचत नाही, शेजारी गाडी चालवणारा दुसरा कोणी नाही, त्याच्यासाठी. तुझ्यासारख्यांनी खोटे दाखले लावून लावून त्या खऱ्या माणसाचा दाखलाही कोर्टाला खोटा वाटायला लावलाय. शिवाय न्यायालयात खोटा पुरावा तयार करून आणणं हा या चलानापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे. दहा हजारांच्या केसमधून माणसाला सात वर्षांच्या कलमाकडे नेणारा वकील! खोड ते. माझ्यासमोर खोड.

उद्या दुसरा कोणी येईल, ज्याचा आदेश खरोखर आधीचा असेल. तेव्हाही फोटोकॉपीवर विसंबू नकोस. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढ. सुनावणीची नोटीस कुठल्या पत्त्यावर गेली ते बघ, लोक भाड्याची घरं बदलतात आणि परवान्यावर गावचा पत्ता तसाच राहतो. आदेश हातात पडल्यापासून तीस दिवसांत अपील करता येतं, ती मुदत जिवंत आहे का मोज. हवालदाराने मोबाईलवर परवान्यांचं ‘सारथी’ पोर्टल उघडून लाल अक्षरं दाखवली, त्याचा कागद पुराव्यात येणार असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र माग. आणि हे सगळं बघूनही आदेश पक्का, नोटीस पोचलेली, माणसाने माहीत असून चालवलेली असं दिसलं, तर मग त्याला समोर बसवून तसं सांग. तेव्हा कबुली आणि दया मागणं हाच मार्ग असतो, आणि त्यात लाज नाही.

‘ट्रॅफिकची तर केस’ म्हणालास ना, म्हणून हेही ऐकून घे. कोइंबतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजशेखरन 2012मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. अपघातात मोडलेली माणसं जोडत बसणारा तो सर्जन. त्यातून न्या. के. एस. राधाकृष्णन यांची समिती आली, आणि 2015मध्ये तिने राज्यांना सांगितलं की वेग, लाल सिग्नल, दारू, फोन, जादा माल, मालवाहू गाडीत माणसं, यातल्या कशातही पकडला तर किमान तीन महिने परवाना निलंबित करा. ते तीन महिने तिथून रुजले. तुझा हा माणूस त्या 19 तारखेला कोणाला उडवता, तर? विमा कंपनीने आधी हेच शोधलं असतं, की चालक अपात्र होता का. सर्वोच्च न्यायालयाच्या 2004च्या स्वर्ण सिंग निकालामुळे जखमी माणसाला पैसे बहुतेक मिळाले असते, पण गाडीमालकाने काळजी घेतली नव्हती हे सिद्ध झालं की कंपनीने ते मालकाकडून वसूल केले असते. मालकाला विचारलंस, परवाना जप्त झालाय हे माहीत असून त्याने किल्ली दिली का? त्याच्यासाठी कलम 180 वेगळं आहे. मालक आणि चालक दोघांचं वकीलपत्र तूच घेतलंयस असं कानावर आलं. उद्या एक म्हणाला मला सांगितलंच नाही, आणि दुसरा म्हणाला यांनीच पाठवलं, तर तू कुठल्या बाजूला उभा राहणार?

एकाचं सोड. आजच.

सकाळी आरटीओत जा, नकलेचा अर्ज कर, 11 एप्रिलच्या सुनावणीत काय झालं आणि आदेश निघाला असेल तर तो कधीपासून लागू, हे लेखी घे. सुनावणीची नोटीस कधी पोचली याचं पाकीट त्या माणसाकडून माग, फेकून दिलं असेल तर पोस्टात विचार. व्याजाचे पैसे आजच्या आज परत करायला सांग, ते व्याज रोज चढतंय. तारखेला कबुली नाही, आरोप अमान्य म्हणायचं. आणि त्याला सांग की परवाना हातात येईपर्यंत गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही. पावती खिशात असली तरी. हे तू स्वतः सांगायचंस, फोनवर नव्हे, घरी जाऊन, कारण उलटं तूच सांगितलं होतंस.

जा आता. थांब. या वकीलपत्रावर त्याची सही कुठाय?