अर्धी प्रदक्षिणा

उंच पर्वत समोर दिसला की मनुष्याच्या मनात दोन इच्छा उत्पन्न होतात. त्याच्या माथ्यावर जाऊन उभे राहावे ही एक, आणि त्याच्या भोवती फिरून त्याला नमस्कार करावा ही दुसरी. पहिलीतून गिर्यारोहण निघाले, दुसरीतून परिक्रमा. दोहोंतही थंडी, वारा आणि विरळ हवा सोसावी लागते. आणि दोहोंतही एक प्रसंग केव्हा ना केव्हा वाटेत येऊन उभा राहतो. पुढे जाण्याची इच्छा असते, पायांत थोडे बळही असते, पण परत फिर असे कर्तव्य सांगत असते. अशा वेळी जो परत फिरतो तो हरला म्हणावयाचे, की त्याने त्याग केला म्हणावयाचे? हा प्रश्न केवळ पर्वतावरचा नाही. शिक्षण, धंदा, तीर्थयात्रा, एखादे मोठे कार्य अर्ध्यावर सोडून आजारी माणसाच्या उशाशी बसलेला गृहस्थ घरोघरी आढळतो, आणि हाच प्रश्न त्याच्या मनास आयुष्यभर टोचत राहतो.

कैलास पर्वताचे उदाहरण घ्यावे. त्याची उंची सुमारे ६,६३८ मीटर आहे. हिमालयात याहून उंच अशी कितीतरी शिखरे मनुष्याने पादाक्रांत केली. परंतु कैलासाच्या माथ्यावर कोणी चढल्याची नोंद नाही. हिंदू त्यास शिवाचे निवासस्थान मानतात. जैन परंपरेत ऋषभदेवांच्या निर्वाणाचे अष्टापद याच पर्वताशी जोडले जाते. बौद्धांना आणि तिबेटातील प्राचीन बोन पंथाच्या अनुयायांनाही तो पवित्र आहे. या सर्वांनी पर्वताचा माथा देवाला ठेवला आणि स्वतःसाठी पायथ्याची वाट घेतली. ही वाट सुमारे ५२ किलोमीटरांची असून दार्चेन येथून निघून तेथेच परत येते. पुष्कळसे यात्रेकरू ती तीन दिवसांत चालतात. पहिल्या दिवशी ल्हा छू नदीच्या खोऱ्यातून दिरापुकपर्यंत जावयाचे. तेथे कैलासाचा उत्तरेकडील सरळ उभा कडा अगदी समोर येतो. दुसऱ्या दिवशी सुमारे ५,६३० मीटर उंचीची डोल्मा खिंड ओलांडावयाची, पलीकडच्या उतारावर गौरीकुंडाचे दर्शन घ्यावयाचे आणि झुतुलपुक गाठावयाचे. तिसऱ्या दिवशी दार्चेन. काही तिबेटी भाविक ही सगळी वाट एका दिवसात चालून संपवितात, तर काही दंडवत घालीत अनेक दिवसांनी पुरी करतात. भारत सरकारच्या व्यवस्थेने जाणारी यात्रा १९८१ साली पुन्हा सुरू झाली. २०२० पासून ती काही वर्षे बंद होती, आणि २०२५ साली पुन्हा यात्रेकरू तिकडे जाऊ लागले.

आता कोणी म्हणेल, न चढण्यात मोठेपणा कोणता? ज्याला चढताच येत नाही त्याने शिखर सोडले, यात त्याग कसला? हा आक्षेप बरोबर आहे, आणि त्यास बगल देऊ नये. जी वस्तू हाती येणारच नव्हती ती सोडल्याचा डौल मिरविणे ही आत्मवंचना होय. म्हणून प्रथम अशांकडे पाहावे की ज्यांना चढता येत होते.

कांचनगंगा हे जगातील तिसऱ्या क्रमांकाचे शिखर. उंची ८,५८६ मीटर. सिक्कीमचे लोक तेथे देवतेचा वास मानतात. १९५५ साली चार्ल्स इव्हान्स यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश पथक तेथे गेले, तेव्हा शिखराच्या माथ्यास पाय लावणार नाही असे वचन सिक्कीमच्या राजांस देण्यात आले होते. त्या वर्षीच्या २५ मे रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या अगदी खाली येऊन पोहोचले. काही पावलांचेच अंतर राहिले होते. अडविणारे तेथे कोणी नव्हते. तरी ते थांबले आणि तेथूनच परतले. दुसऱ्या दिवशी आलेल्या त्यांच्या दोघा सहकाऱ्यांनीही तसेच केले. आणि पुढील अनेक पथकांनी तो संकेत पाळला. ज्या देवतेस ते स्वतः मानीत नव्हते, तिच्यासाठी नव्हे, तर दिलेल्या शब्दासाठी त्यांनी ती पावले सोडली.

तथापि येथेही सूक्ष्म विचार केला पाहिजे. ते थांबले तरी शिखर जिंकल्याचे यश त्यांच्या नावावर जमा झालेच. त्याहून कठीण प्रसंग २००६ साली एव्हरेस्टच्या उत्तर बाजूस घडला. लिंकन हॉल नावाचे ऑस्ट्रेलियन गिर्यारोहक शिखरावरून उतरताना सुमारे ८,६०० मीटर उंचीवर कोसळले. सोबतच्या शेर्पांनी तासन्‌तास खटपट केली. अखेर ते गतप्राण झाले असे समजून त्यांना खाली उतरावे लागले. दुसऱ्या दिवशी, २६ मे रोजी पहाटेनंतर, डॅन मझूर, अँड्र्यू ब्रॅश, माइल्स ऑस्बर्न आणि जांगबू शेर्पा हे चौघे त्या वाटेने वर जात होते. शिखर दोन तासांवर होते. कड्याच्या काठाशी हॉल जिवंत बसलेले त्यांना दिसले. चौघे थांबले, त्यांना प्राणवायू दिला, खाऊपिऊ घातले आणि मदत वर येईपर्यंत तेथेच राहिले. शिखराची वेळ निघून गेली. ते चौघे शिखर न पाहता खाली आले, हॉल वाचले. त्याच महिन्यात, त्याच बाजूस, दुसरा एक गिर्यारोहक असाच पडून होता. त्याच्या जवळून अनेकजण शिखराकडे गेले, आणि तो वाचला नाही. त्या उंचीवर श्वास घेणे हेच एक काम असते. तेव्हा जे पुढे गेले त्यांना घरी बसून दोष देण्याचा अधिकार कोणास नाही. परंतु जे थांबले त्यांच्यापुढे मस्तक नमविण्याचा अधिकार सर्वांना आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्राप्त कर्तव्य मोहामुळे टाकणे हा तामस त्याग. शरीराला कष्ट होतील या भयाने टाकणे हा राजस. आणि कर्तव्य पुरे करून आसक्ती व फळ तेवढे सोडणे हा सात्त्विक. पर्वताच्या वाटेवर हे तिन्ही प्रकार स्पष्ट दिसतात. थकवा आला, थंडी सोसवेना, म्हणून परतला तो राजस. परत फिरल्यावर ‘मला शिखराची हावच नव्हती’ असे जो सांगत सुटतो तो स्वतःलाही फसवितो. रणांगणावर अर्जुनाने धनुष्य खाली ठेवले ते दिसावयास त्यागासारखेच होते. परंतु त्याचे मूळ मोहात होते, म्हणून त्यास पुन्हा उभे केले गेले. तात्पर्य, परत फिरण्याच्या कृतीवरून काहीच ठरत नाही. पाऊल कशासाठी वळले यावरून ते ठरते.

हे सूत्र हाती धरून एका साध्या गृहस्थाचा प्रसंग कल्पावा. त्याने वीस वर्षे पैसे साठविले. आई मरणापूर्वी म्हणाली होती, ‘गौरीकुंडाचे पाणी आण.’ ती गेली, शब्द राहिला. तो कैलासास गेला आणि पहिल्या दिवसाची वाट चालून दिरापुकला पोहोचला. त्या रात्री दुसऱ्या प्रांतातील एका वृद्ध सहयात्र्यास विरळ हवेचा विकार जडला. डोके ठणकू लागले, ओकाऱ्या सुरू झाल्या, तोल जाऊ लागला. या विकारावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे विनाविलंब खाली उतरणे. पथकप्रमुखाने घोड्याची सोय केली. पण वृद्धाची भाषा तेथे एका या गृहस्थालाच कळत होती. खाली न्यावयास कोणी गेले पाहिजे, आणि म्हाताऱ्याने हात तर त्याचाच धरून ठेविला होता.

एकीकडे मृत आईला दिलेला शब्द, दुसरीकडे जिवंत माणसाचा श्वास. दोन्ही कर्तव्येच. वीस वर्षांची इच्छा काही उपदेशाने क्षणात विरघळत नाही. तो रात्रभर जागा राहिला, आणि दुसऱ्या कोणाची सोय होते का हेही त्याने मनापासून पाहिले. नाही असे दिसताच पहाटे तो उठला आणि घोड्याबरोबर चालू लागला. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असावा लागतो. काल दिवसभर कैलास त्याच्या उजवीकडे होता. आता तो डावीकडे आला. हे ध्यानात येताच त्याचे डोळे भरून आले. वाटेत ल्हा छूच्या पात्राशी वाकून, पर्वताचे बर्फ वितळून आलेले पाणी त्याने तांब्यात घेतले. ते गौरीकुंडाचे नव्हते, आणि ते गौरीकुंडाचे आहे असे त्याने घरी कोणास सांगितलेही नाही.

परतल्यावर मावंद्याच्या पंगतीत कोणी विचारणारच, ‘परिक्रमा पुरी झाली का?’ त्याने ‘नाही’ असेच म्हणावे. त्याच्या त्यागाची खरी परीक्षा खिंडीच्या अलीकडे संपली नाही. ती या एका शब्दापाशी आहे. ‘पण मी एका माणसाचा जीव वाचविला’ असे पुढे जोडले की सोडलेले फळ दुसऱ्या वाटेने पुन्हा घरात आले. आणि वृद्ध वाचला नसता तरी त्या पहाटेच्या कर्तव्यात काही उणे पडले नसते.

मग त्याची प्रदक्षिणा अपुरीच राहिली काय? याचे उत्तर गावोगावच्या शिवालयात आहे. इतर देवांना पुरी प्रदक्षिणा घालतात. शंकराला तशी घालीत नाहीत. अभिषेकाचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते ती ओलांडावयाची नसते. भक्त तिच्यापर्यंत जातो, आणि आल्या वाटेनेच मागे वळतो. त्या परतीच्या वाटेवर देव त्याच्या डाव्या हाताला असतो. ही सोमसूत्री प्रदक्षिणा लहान मुलेही आजीचे बोट धरून शिकतात. तिला अपुरी कोणी म्हणत नाही. कोठे थांबावयाचे हे जेथे देवानेच आखून दिले आहे, तेथे मागे वळणे हाही प्रदक्षिणेचाच भाग असतो. त्या गृहस्थाची पन्हळ दिरापुकला होती, इतकेच.