काशीतले श्रोते

काशीत मिशनऱ्याला श्रोता शोधायला कधी लांब जावे लागले नाही. अडचण त्यानंतर सुरू होई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चर्च मिशनरी सोसायटीचे आणि लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री तिथे बस्तान बसवून राहिले. हिंदी शिकले, शाळा काढल्या आणि बाजारात उभे राहून उधळ्या मुलाची, हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगू लागले. लोक थांबत, ऐकत, हुज्जत घालत, कधी टरही उडवत. पण बाप्तिस्म्याला येणारे मोजकेच. दोनशे वर्षे झाली तरी २०११च्या जनगणनेत उत्तर प्रदेशातल्या ख्रिस्ती लोकांचे प्रमाण ०.१८ टक्के आहे. परमुलखात येऊन, उन्हातान्हात, पटकीच्या साथींत मुलेबाळे गमावून आयुष्य वेचणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा हिशेब निराशेचाच. मला मात्र हा हिशेब मांडण्याची रीतच चुकीची वाटते.

गंगेपलीकडे रामनगरला काशीनरेशांच्या आश्रयाने महिनाभर चालणारी रामलीला त्या पाद्र्यांच्या काळातही होती, आजही होते. ध्वनिक्षेपक नाही, विजेचे दिवे नाहीत, पेट्रोमॅक्सचा उजेड. अयोध्या एका ठिकाणी, जनकपूर दुसरीकडे, लंका आणखी लांब, आणि सगळा जमाव प्रसंगामागून चालत निघतो. कितीतरी प्रेक्षकांच्या हातात रामचरितमानसाची पोथी असते. रामायणी गाऊ लागले की ही मंडळी पोथीत डोके घालून सोबत वाचतात. संवाद सुरू व्हायच्या आधी खणखणीत हाक येते, ‘चुप रहो! सावधान!’ आणि एवढा मोठा जमाव खरोखर गप्प होतो. गोष्ट ज्यांना तोंडपाठ आहे तेच ती ऐकायला आलेले असतात. भागवत सप्ताहाला बसलेल्या बाईला सातव्या दिवशी कोणी विचारत नाही की, पटले का? ऐकले, पुण्य लागले, घरी गेली. मिशनऱ्याच्या कथेच्या शेवटी मात्र तोच प्रश्न उभा असे, आणि त्याच्यापुढे श्रोता काढता पाय घेई.

मिशनरी आणि त्यांचे कडवे विरोधक यांच्यात एका बाबतीत संपूर्ण एकमत आहे. कथा ऐकणे ही धर्म बदलण्याची पहिली पायरी, असे दोघेही धरून चालतात. एकाला त्यात आशा दिसते, दुसऱ्याला धोका. काशीचा अनुभव दोघांच्याही विरोधात जातो.

अपवाद म्हणून पाहायचा तर एक मराठी माणूस समोर आहे. काशीत मराठी माणसाचे असणे नवे नाही. नारायणभट्टांपासून गागाभट्टांपर्यंत पैठणहून आलेल्या घराण्याने तिथे धर्मशास्त्राचा निवाडा दिला. आजचे विश्वनाथाचे देऊळ अहिल्याबाईंनी उभे केले. अशाच वातावरणात नीळकंठ गोरे वाढले. जन्म १८२५चा, बुंदेलखंडातला, घराणे कोकणस्थ. आजोबा बांद्याच्या नबाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजांच्या, पदरी होते. कुटुंब काशीत स्थायिक झाले आणि नीळकंठ तरुणपणीच शास्त्री म्हणून नावारूपाला आले. घरी शिवभक्ती असताना स्वतः विचार करून ते विष्णूकडे वळले होते. म्हणजे पटले नाही की सोडायचे, ही खोड आधीपासूनची.

ते मिशनऱ्यांकडे गेले ते वादात हरवायला. जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ नावाचे पुस्तक चक्क संस्कृतात लिहून हिंदू धर्माची झाडाझडती घेतली होती. त्याला गोऱ्यांनी विशीत असताना संस्कृतातच उत्तर दिले, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. इकडे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांच्याशी त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या. स्मिथ काही मोठे पंडित नव्हते. पण त्यांच्याकडून मिळालेल्या नव्या करारातल्या डोंगरावरील प्रवचनाने गोऱ्यांना आतून हलवले. पुढे वर्षानुवर्षे ओढाताण झाली आणि १४ मार्च १८४८ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही काशीत नव्हे, जौनपुरात. काशीत घरच्यांनी आकाशपाताळ एक केले असते. नीळकंठशास्त्रींचे नेहेम्या झाले.

मिशनच्या दृष्टीने हा केवढा विजय! काशीचा ब्राह्मण, शास्त्री, तोही वादात जिंकलेला. पण गोऱ्यांचे पुढचे आयुष्य वाचताना विजयोत्सवाचा सूर कुठेच लागत नाही. पत्नी लक्ष्मीबाई १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, परक्यांच्या घरी वाढली, इंग्लंडला गेली, मोठेपणी परत येऊन सेवाकार्यात पडली. तिचे एक इंग्रजी भक्तिगीत जगभरच्या चर्चांमधून गायले गेले. १८५४ साली महाराजा दुलीपसिंगांबरोबर गोरे स्वतः विलायतेला गेले. तिथे मॅक्स म्युलरची गाठ पडली, आणि म्युलरनेच पुढे लिहून ठेवले आहे की लंडनमधले ख्रिस्ती जगणे पाहून हा माणूस पार खचला होता. ज्या देशातून पाद्री येतात तो देश येशूच्या शिकवणीप्रमाणे चालत असेल, अशी त्याची भाबडी समजूत होती.

भारतात परतून त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले. सहाही दर्शनांचे खंडन, आणि तेही आतल्या माहितीने केलेले. १८६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर आले. पुढे ते दीक्षित पाद्री झाले, पुण्याच्या पंचहौद मिशनच्या पंथाशी जोडले गेले. (याच पंचहौद मिशनमध्ये १८९० साली रानडे, टिळक वगैरे मंडळींनी चहा घेतला आणि पुण्यात ग्रामण्य माजले. लोकमान्यांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेऊन आल्याचे सांगितले. काशीचा उपयोग दोन्ही बाजूंना होत होता.) पंडिता रमाबाईंच्या मनाला ख्रिस्ती धर्माकडे वळवण्यात गोऱ्यांच्या युक्तिवादांचा मोठा वाटा होता, हे रमाबाईंनीच मान्य केले आहे. पण ज्या बुद्धीने त्यांनी जुना धर्म तपासला त्याच बुद्धीने ते नवाही आयुष्यभर तपासत राहिले. शंकांनी त्यांचा पिच्छा १८९५ साली मुंबईत मृत्यू येईपर्यंत सोडला नाही. वादाने मिळवलेला माणूस वादातच राहतो. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला नितांत आदर आहे. मात्र त्यांच्यामागून काशीतले पंडित रांगेने येतील ही मिशनची अपेक्षा मुळातच भाबडी होती. गोऱ्यांनी पुस्तकात सांगितले ते तर्क. ज्या प्रवचनाने ते स्वतः हलले ते त्यांच्या खंडनात शेवटचे आसन धरून बसले.

मराठी मुलखात येशूची हीच कथा दुसऱ्या वाटेने गेली होती, तीही बरीच आधी. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला आणि १६१६ साली त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलच्या छापखान्यातून बाहेर पडले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या. पुराणाचा घाट, ओवीचा छंद, मराठीची तोंडभर स्तुती. या ग्रंथाचे कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. तो लिहिण्याची गरज पडली, कारण नव्याने बाटलेल्या लोकांच्या हातातल्या जुन्या पोथ्या पोर्तुगीज सत्तेने काढून घेतल्या होत्या. रिकाम्या केलेल्या जागी ही पोथी आली. स्टीफन्सचे मराठीवरचे प्रेम खरे होते आणि त्याच्या पाठीशी उभी असलेली सत्ताही खरी होती. यातले एक सांगून दुसरे झाकणारे लिखाण दोन्ही छावण्यांत ढिगाने मिळते.

सत्ता बाजूला झाली की काय होते, ते अहमदनगरला दिसले. कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, अभंगांतून येशूला आपल्या ओसरीवर आणून बसवले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहाएक अध्यायांवर थांबले आणि ते बहुतांशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी पुरे केले, ही तर मोठीच गंमत: नवऱ्याच्या धर्मांतराने ज्या बाईचा संसार उसवला, तिने त्याची ओवी पुढे नेली. टिळकांचे अभंग ऐकणारे सगळे ख्रिस्ती झाले नाहीत. व्हावेत असे टिळकांना वाटत नव्हते, असेही नाही. कीर्तनकाराला आरतीच्या ताटाची आशा असतेच. पण त्या ताटात काही पडले नाही तरी कीर्तन वाया गेले असे तो म्हणत नाही.

काशीत ही वाट फार उशिरा उघडली. १९४१ साली गॅस्पर पिंटो या मंगळूरकडच्या पाद्र्याने तिथे इंडियन मिशनरी सोसायटी हा कॅथलिक पंथ स्थापन केला. भारतीय मिशनरी, भारतीय पैसा, जमेल तितका भारतीय आचार. त्यांच्या मातृधाम आश्रमात गेल्या तीनेक दशकांत एक विलक्षण समाज जमू लागला आहे. स्वतःला ख्रिस्तभक्त म्हणवणारे हे लोक हजारोंनी येतात. बहुतेक आसपासच्या खेड्यांतले, खालच्या मानलेल्या जातींतले, त्यांत बायका जास्त. जमिनीवर बसून तासन्‌तास हिंदी भजने म्हणतात, बायबलमधली कथा ऐकतात, आजारपणासाठी प्रार्थना करवून घेतात. येशू त्यांचा सद्गुरू. बाप्तिस्मा मात्र बहुतेकांनी घेतलेला नाही. घरातले लग्न, बारसे, मर्तिक जातीच्या रीतीने होते.

कायद्याच्या नजरेला ही माणसे दिसणे कठीण आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. निदान कथा आणि धर्मांतर या दोन गोष्टी आहेत, हे त्या निकालाने मान्य केले. उत्तर प्रदेशच्या २०२१च्या कायद्यात धर्म बदलणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्याकडे घोषणापत्र द्यायचे. बळजबरी, फसवणूक, आमिष यांना कैद. बळजबरीला शिक्षा हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. प्रश्न आमिषाचा. त्या शब्दाची व्याप्ती इतकी ताणता येते की बायबल वाटणेही त्यात बसवता येते. तसे बसवले गेलेही. २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाला एका जामिनाच्या प्रकरणात स्पष्ट म्हणावे लागले की चांगली शिकवण देणे, बायबलच्या प्रती वाटणे, मुलांना शिकायला प्रोत्साहन देणे, भंडारा घालणे म्हणजे आमिष नव्हे. हे सांगण्यासाठी उच्च न्यायालय लागावे, आणि तोवर माणसे तुरुंगात असावीत, ही कायद्याच्या मसुद्याची शोभा नाही.

विरोधकांचा एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळू नये. कथेमागे दवाखाना असतो, शाळा असते, परदेशी देणगी असते. गरिबाला यातले काय आधी दिसते? बऱ्याचदा दवाखाना, हे मान्य. पण मग मातृधामात वर्षानुवर्षे येणाऱ्या बाईने नाव का बदलले नाही? तिला जे हवे ते तिने घेतले, नको ते ठेवून दिले. एवढी अक्कल तिला आहे, हे तिच्या बाजूने बोलणारे आणि तिच्या विरुद्ध बोलणारे दोघेही सहसा गृहीत धरत नाहीत.

आश्रमातल्या पाद्र्यांनाही ती पेचात टाकते. मिस्सा संपत येते, बाप्तिस्मा झालेले उठून कम्युनियनला जातात. ती जाऊ शकत नाही. चर्चच्या नियमांत तिच्यासाठी पूर्वतयारीतला जिज्ञासू एवढीच जागा आहे, आणि ती तर वीस वर्षे येते आहे. तिच्या मुलीही येऊ लागल्या आहेत. त्यांना बाप्तिस्म्यासाठी रेटायचे तर पोलीस ठाण्याची धास्ती. न रेटायचे तर रोमला पाठवायच्या आकड्यांत त्या धरायच्या कशा, हे कोणी ठरवलेले नाही.