खारीचा वाटा

मराठीत 'खारीचा वाटा' म्हणजे खारीने दिलेला वाटा. सेतू बांधताना तिने अंगाला चिकटवून आणलेली वाळू, आणि त्यावर खूश होऊन रामाने तिच्या पाठीवरून फिरवलेली बोटं. गॅदरिंगच्या खुर्च्या मांडणाऱ्यापासून कंपनीच्या वार्षिक सभेत बोलणाऱ्या साहेबापर्यंत सगळे आपापला खारीचा वाटा सांगतात. (रामाची बोटं तीन धरली तर पाच पट्ट्यांच्या खारीचं काय, हे कुणी सांगत नाही, आपल्या देशात दोन्ही आहेत.) खारीने किती घ्यावं याबद्दल मात्र भाषेत काही तरतूद नाही. हा उलटा प्रश्न माझ्याकडे आला तो हिंगोलीच्या घरून, फोनवर, आणि मी इंजिनियर आहे म्हणून.

आमच्याकडे उन्हाळ्यात अंगणातल्या कडुलिंबाला ज्वारीची कणसं टांगायची पद्धत आहे. शेजारी मातीच्या परळात पाणी. पप्पा शाळेतून निवृत्त झाल्यापासून ही व्यवस्था त्यांनी स्वतःकडे घेतली. कणसांच्या जोडीला दाणे भरायचं प्लास्टिकचं फीडर ऑनलाइन मागवलं आणि सकाळी चहा घेऊन ते समोर खुर्ची टाकून बसू लागले. चिमण्या येतात, साळुंक्या येतात, होले येतात. आणि खार येते. ती उलटी लटकून कणीस सोलते, अर्धं खाली सांडते, फीडरचं भोक कुरतडून मोठं करते. शिवाय वाळत घातलेल्या गोधडीतला कापूस घरट्यासाठी नेते, हा जुना राग.

आईचं म्हणणं, "खाऊ द्या की. खाऊन खाऊन किती खाईल ती?"

पप्पांचं म्हणणं, "प्रश्न किती खाते हा नाही, कुणाचं खाते हा आहे."

पप्पांचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ज्वारी आमची. ती चिमण्यांसाठी टांगली म्हणजे चिमण्यांची झाली का? झाली असेल तर खार चोर ठरते. झाली नसेल, ती अजून आमचीच असेल, तर चिमणीलासुद्धा आपण काही 'दिलं' असं म्हणता येत नाही.

परसात फीडर टांगणं हा अमेरिकेत मोठा धंदा आहे, आणि खारींना त्यापासून लांब ठेवणं हा त्याचा जोडधंदा. बिल ॲडलर यांनी खारींवर मात कशी करावी यावर १९८८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. नासात काम केलेल्या मार्क रोबर या इंजिनियरने २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्या अंगणात खारींसाठी अडथळ्यांची शर्यत उभारली; तो व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिला गेला आणि त्यात खारी जिंकल्या. तिथले उपाय साधारण चार जातींचे. खांबावर किंवा तारेवर बसवलेला पत्र्याचा गुळगुळीत शंकू. वजन पडलं की दाण्याची खिडकी बंद करणारी दांडी. खार बसली की मोटर सुरू होऊन तिला गरगर फिरवून फेकणारं फीडर. आणि तिखट लावलेले दाणे.

वजनाची दांडी मला सगळ्यात आवडली होती, कारण त्यात कुणाला इजा नाही आणि नियम एका ओळीत लिहिता येतो. पण तो नियम तिथल्या प्राण्यांवर बेतलेला आहे. तिथली करडी खार चारशे ते सहाशे ग्रॅमची आणि फीडरवर येणारा लाल कार्डिनल पन्नास ग्रॅमच्याही आतला. मधे भरपूर मोकळी जागा, काटा कुठेही लावा. आपली खार शंभर ग्रॅमच्या आसपास. चिमणी पंचवीस-तीस. आणि साळुंकी शंभर-सव्वाशे. म्हणजे खारीला दार बंद केलं की साळुंकीलाही बंद. होला जवळपास तेवढाच, पारवा तर तिप्पट. चार चिमण्या एकदम येऊन दांडीवर बसल्या तर त्यांची मिळून एक खार होते, आणि चिमण्या कधी एकेकट्या येत नाहीत.

पप्पांना हे सांगितल्यावर ते क्षणभर थांबून म्हणाले, "साळुंकी आली पाहिजे. पारवा नको." म्हणजे यादी आधीच तयार होती, काटा नुसता तिच्या सोयीचा हवा होता.

माझं रोजचं काम याच जातीचं आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी ऑनलाइन व्यवहारांमधले संशयास्पद व्यवहार पकडणारी प्रणाली लिहिते. अशा कामात चुका दोनच प्रकारच्या होतात: चोर सुटतो किंवा साव अडकतो. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत. एक कमी केली की दुसरी वाढते, आणि मध्ये जी रेघ ओढायची तिला आम्ही थ्रेशोल्ड म्हणतो. मराठीत त्याला उंबरठा हा चांगला शब्द आहे. उंबरठा किती उंच ठेवायचा हे गणित सांगत नाही. कुठली चूक आपल्याला परवडते आणि तिची किंमत कोण भरणार, यावर ते ठरतं. चोर सुटला तर कंपनीचे पैसे जातात, म्हणून त्या चुकीचा आकडा दर सोमवारच्या मीटिंगमध्ये पडद्यावर असतो. साव अडकला तर तो हेल्पलाइनला फोन करून दमतो आणि गप्प बसतो.

आमच्याकडे हळद काढायला येणाऱ्या एक मावशी आहेत. हळद उपटून, शिजवून, वाळवून त्यांच्या अंगठ्याच्या रेघा गेल्यात. रेशनच्या यंत्रावर ठसा उमटत नाही. दुकानदार त्यांना ओळखतो, रांगेतल्या बाया ओळखतात, यंत्र ओळखत नाही. तिसऱ्या चकरेला धान्य मिळालं, त्या दिवसाची मजुरी बुडाली. यंत्र बसवलं ते धान्याला पाय फुटू नयेत म्हणून, आणि धान्याला पाय फुटत होते हे खरंच आहे. पण नुसत्या चोरावर नजर ठेवून दार बांधलं की ते कुणासाठी उघडायचं होतं हे बांधणाऱ्याच्या ध्यानातून जातं. चोर सोडून संन्याशाला सुळी ही म्हण आपण अन्यायी राजाबद्दल वापरतो. इथे राजा नाही, कुणाच्या मनात वाईटही नाही. नुसती रेघ थोडी इकडे ओढलेली आहे.

तिखटाचा उपाय मात्र वेगळा आहे. त्यात रेघ अगदी अचूक बसते. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या ज्या ग्राहीला चेतवतं, तो डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधला (त्यासाठी त्यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला). पक्ष्यांमध्ये हाच ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. पोपटाला हिरवी मिरची खाताना पाहिलेल्या कुठल्याही मराठी माणसाला यात नवल वाटू नये. मिरचीच्या झाडाला हे सोयीचं आहे. ॲरिझोनातल्या रानमिरच्यांवर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की उंदीरवर्गी प्राण्यांच्या पोटातून बी उगवण्याजोगं उरत नाही, पक्ष्यांच्या पोटातून ते धड बाहेर पडतं. झाडाने आपले पाहुणे निवडले त्यामागे त्याची स्वतःची गरज होती. साळुंकीला आत घेऊन खारीला बाहेर ठेवायचं तर ज्वारीला तिखट चोळणं हा सगळ्यात बिनचूक मार्ग.

तरी मला तो नको वाटतो. वावटळीत तिखट आईच्याच डोळ्यांत जाईल, हे एक कारण आहेच. पण शंकू खारीला 'इथे नाही' एवढंच सांगतो आणि ती दुसरीकडे जाते. तिखट लावलेला दाणा अन्नासारखा दिसून तोंडात गेल्यावर शिक्षा करतो. दाण्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरात तो दाणा सापळा म्हणून वापरणं माझ्या हातून होणार नाही. मोटरवाल्या फीडरचे व्हिडिओ लोक हसण्यासाठी बघतात, त्याबद्दल वेगळं काही लिहायला नको.

मग पाखरांना हाकलूच नये का? हे मला शेतकऱ्याच्या घरात जन्मून म्हणता येणार नाही. आजोबांच्या वेळी ज्वारी हुरड्यात आली की पहाटेपासून अंधार पडेपर्यंत कुणीतरी मचाणावर गोफण घेऊन उभं असे. हिवाळ्यात भोरड्यांचे थवे यायचे, आणि एक थवा बसला की कणसं रिकामी. गोफणीचा दगड भोरडी आणि चिमणी यांत फरक करत नव्हता. पुढे खळं झालं की आजी त्याच ज्वारीची चार कणसं दाराच्या चौकटीला बांधायची, त्याच चिमण्यांसाठी. लहानपणी मला यात विसंगती वाटायची. आता वाटत नाही. रानात वर्षाचं पोट होतं, तिथे दोघांतलं एकच जेवणार होतं, म्हणून भांडण उघड होतं. आजोबा पाखरांना शिव्या भरपूर देत, पण पाखरांचा स्वभाव वाईट आहे असा त्यांचा आरोप नव्हता. घरात धान्य आल्यावर भांडण संपलं आणि दारातल्या कणसावर कोण बसतंय हे पाहायला आजी थांबतही नसे.

पप्पा थांबतात. खुर्ची टाकून बसतात. इथे मला आजीच्या कणसात आणि पप्पांच्या फीडरमध्ये फरक दिसतो. त्यांचा युक्तिवाद असा की खारीने खाल्लं तर चिमणी उपाशी राहील, आणि चिमण्या कमी होत चालल्यात. चिमण्यांची काळजी खरी आहे. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस २०१० पासून पाळला जातो तो उगाच नाही. पण हिंगोलीच्या मोंढ्यात पोत्यांमधून सांडणारं धान्य आमच्या फीडरच्या कित्येक पट आहे; आमच्याकडच्या चिमण्यांचा ओढा दिवसभर तिकडेच असतो. चिमणीला अडचण आहे ती घराची. माळवदाची घरं जाऊन स्लॅब आले, वाशा-किलचांमधल्या सांदी गेल्या. आणि पिल्लांना दाणे चालत नाहीत, किडे-अळ्या लागतात. सगळीकडे फवारणी, त्या आणणार कुठून? ज्वारी टांगून यातलं काहीच सुटत नाही. ज्वारी टांगतो ती चिमणी डोळ्यांसमोर यावी म्हणून. ती आपण मोजलेली किंमत आहे, आणि तिच्यात मला काही कमीपणा दिसत नाही. निवृत्त माणसाने सकाळी चिमण्या बघाव्यात यासाठी चार कणसं हा स्वस्त सौदा आहे. पण सौदा म्हटलं की खार चोर राहत नाही. ती फार तर तिकीट न काढता नाटकात शिरलेलं पात्र. तिला बाहेर ठेवा, खुशाल ठेवा. चिमणीच्या तोंडचा घास तिने काढला असं नका म्हणू.

हे मी घरी बोलले तेव्हा आईने अपेक्षेप्रमाणे नामदेवांना आणलं. नर्सी आमच्यापासून जवळ, नामदेवांचं ते जन्मगाव मानलं जातं, त्यामुळे भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आमच्याकडे नात्यातल्या माणसासारखे बोलण्यात येतात. पप्पा म्हणाले, "कुत्रा एकदाच आला होता. रोज आला असता तर?"

मला हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. रोज येणाऱ्याला रोज तूप देणं ही व्यवस्था होते, आणि व्यवस्था म्हटली की रेघ आली. तरी त्या गोष्टीत मला भक्तीपेक्षा वेगळंच काही दिसतं. कुत्र्याने भाकरी नेल्यावर नामदेवांच्या पहिल्यांदा लक्षात काय आलं, तर ती कोरडी आहे. कुत्रा त्यांच्या यादीत होता की नव्हता, हा प्रश्नच तिथे उठत नाही. आणि यादी कुठेही कायमची नसतेच. आपली ही पाचपट्टी खार १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयात सोडली गेली. तिच्या वंशजांना तिथलं सरकार परदेशी उपद्रवी प्राणी मानतं. अंगावरचे पट्टे तेच.

सध्या आमच्या घरी तडजोड आहे. पप्पांनी तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा कापून शंकू करून घेतलाय. शेजारच्या पेरूची फांदी छाटेपर्यंत खार त्याच्यावरून उडी मारून येत होती, आता येत नाही. आई तिच्यासाठी झाडाच्या बुंध्याशी मूठभर ज्वारी ठेवते. पप्पा ते पाहतात आणि पेपर वर धरतात.

पण बुंध्याशी राहिलेली ज्वारी रात्री उंदीर खातात. उंदीर वाढले, घरात शिरले, तेव्हा पिंजरा आईनेच काढला, त्याला भजी लावली आणि खारीसाठी भांडणारी माझी आई सकाळी "सापडला एकदाचा" म्हणून हाक मारते. खारही उंदरांच्याच गोतातली, फक्त शेपटी झुपकेदार. हे मी तिला सांगितलं. "पण ती घरात येऊन धान्य नासवते का?" ती म्हणाली. गोधडीचं मी काढलं नाही. मारायचं मात्र नाही, यावर दोघांचं एकमत आहे. म्हणून पप्पा पिंजरा पिशवीत घालून स्कूटरवरून कयाधूच्या बाजूला जातात आणि उंदीर सोडून येतात. तिथे लोकांची शेतं आहेत.