सापडेपर्यंत

मननासाठी शास्त्रभाग : लूक १५:३-७, योहान ६:३९



चंडीगड येथील सेक्टर ३९ मध्ये नातलगांच्या घरी काही दिवस माझा मुक्काम होता. पहाटे प्रार्थनेस बसलो की एखाद्या अवजड विमानाची घरघर कानी येई. लडाखकडे जवान व रसद नेणारी हवाई दलाची विमाने याच शहरातून उडतात. तो आवाज ऐकून मला एका जुन्या विमानाची आठवण होई.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चार प्रॉपेलरचे ए.एन.-१२ विमान १०२ जणांना घेऊन चंडीगडहून लेहकडे निघाले. हवामान बिघडल्याने वैमानिकाने माघारी फिरण्याचे ठरविले. परंतु रोहतांग खिंडीच्या परिसरात विमानाशी संपर्क तुटला. पुढे ३५ वर्षे काहीच कळले नाही. २००३ साली गिर्यारोहकांना लाहौलच्या बर्फात पहिला मागमूस लागला. त्यानंतर सैन्याच्या तुकड्या त्या हिमनदीवर पुनःपुन्हा गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले. त्यांपैकी एक केरळातील २२ वर्षांचा ख्रिस्ती जवान होता. ५६ वर्षांनी तो आपल्या गावच्या मंडळीत परतला, तेव्हा त्याचे आईवडील हयात नव्हते. भावंडांनी त्याला मूठमाती दिली.

शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक १३:४-५). म्हणून अशा अपघाताचा अर्थ लावण्याची घाई आपण करू नये. आपल्यापुढचा प्रश्न निराळा आहे : जे वाट पाहत मागे राहतात, त्यांच्याशी आपण कसे वागतो?

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतील एका मातेचा तरुण मुलगा घरातून निघून गेला. दोन वर्षे लोटल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, आता देवाच्या इच्छेवर सोडून द्या." ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुम्हीच मेंढराचा दाखला शिकवता ना? तो मेंढपाळ किती दिवस शोधत होता हो?"

मला उत्तर ठाऊक होते. देण्याची लाज वाटली. लूक १५:४ चे भाषांतर करताना मूळ ग्रीकमधील 'पर्यंत' या अर्थाच्या लहानशा शब्दावरून मी सहज पुढे गेलो होतो. मेंढपाळाने मुदत ठरविली नव्हती. तो सापडेपर्यंत शोधतो. त्या बाईचे नाव आमच्या प्रार्थनेच्या यादीतून मात्र केव्हाच गळून गेले होते.

कोणी म्हणेल, दाखल्यातले मेंढरू जिवंत सापडले. हा जवान तर मृत सापडला. आणि २०२४ पर्यंत १०२ पैकी केवळ नऊ जणांचेच देह हाती आले होते. उरलेल्यांचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. माणसाचा शोध, कितीही निष्ठेचा असला तरी, मृतदेहापाशी येऊन थांबतो. म्हणूनच योहान ६:३९ मधील अभिवचन मोलाचे आहे. पित्याने जे सोपविले त्यातले काहीही न हरवता शेवटच्या दिवशी ते उठवायचे, हे काम पुत्राने स्वीकारले आहे. त्याचा शोध मृत्यूपाशी थांबत नाही. मोठा धोंडा लावलेल्या कबरेतून तो स्वतः बाहेर आला. त्याला हिमनदीची खोली अडवील काय?

तोवर आपले कर्तव्य साधे आहे. आपल्या मंडळीत कोणाचा मुलगा परागंदा असेल, कोणाचा पती समुद्रावरून परतला नसेल. "आता विसरा," असे त्यांना म्हणू नका. त्यांचे नाव यादीत राहू द्या. सणाच्या दिवशी त्यांच्या दारी जा. रिकाम्या खुर्चीविषयी विचारा आणि ऐकत बसा.

त्या मातेकडे मी पुन्हा गेलो व क्षमा मागितली. तिने चहा ठेवला आणि मुलाचा फोटो दाखविला. आम्ही त्याचे नाव घेऊन प्रार्थना केली. आजही घेतो.

हे उत्तम मेंढपाळा, वाट पाहणाऱ्यांना धीर दे आणि आम्हांला त्यांच्या सोबत थांबावयास शिकव. आमेन.