ओले लाकूड

जिथे धूर तिथे अग्नी, हे आपल्या नैयायिकांचे म्हणणे सगळ्यांना पाठ. पण त्याच मंडळींनी पुढे बजावून ठेवले आहे की, जिथे अग्नी तिथे धूर असेलच असे नाही. तापून लालबुंद झालेला लोखंडाचा गोळा बघा. आग भरपूर, धूर औषधाला नाही. धुराला ओले लाकूड लागते. वाक्य खरे म्हणून ते उलटे केले तरी खरे, असे नसते. एवढे आमच्या शाखेत कोणी सांगावे?

रोकड पाचशेने कमी भरली की सुरू : "चोराला घाम फुटतो. शिपायाला फुटलाय. म्हणजे बघा!" अहो, मे महिना आहे! 40 माणसांत चोर धरा 1. बाकी 39 पैकी 19 जणांना उकाड्याने घाम आला, तर घामेजलेल्या 20 जणांत चोर एकच. साहेबांना घाम येत नाही, कारण केबिनमध्ये एसी आहे. त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

संध्याकाळी कोणी सज्जन खातेदार चिकटून गेलेली जादा नोट परत आणून देतो. पुढे चार दिवस शिपाई चहा आणतो, पण बशी जरा आदळून ठेवतो. त्याला कोणी काही बोलत नाही.